कौन्सिलची दोरी

मुलांनो, जरा डोळे मिटा. अशी कल्पना करा की तुमच्या घरामागे, गवतात, एक लोखंडी खांब उभा आहे. खांबाच्या डोक्यावर छत्रीच्या काड्यांसारखे चार हात आहेत आणि त्या हातांवरून तारा ताणल्या आहेत. तारांवर कपडे वाळत घातले की वाऱ्यानं सगळा पसारा गरागरा फिरतो. पोर्ट ट्रेवेन या समुद्रकाठच्या गावात घर म्हटलं की मागे हा खांब असायचाच, आणि खांब म्हटला की त्याला लोंबकळणारं पोर असायचंच. आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडते, ‘उतर खाली, हात वाकेल.’ हात वाकतोच. मग गावात लोखंडाची डागडुजी करणाऱ्या एर्विन नॉस्केंना बोलवायचं आणि तो सरळ करून घ्यायचा.

आता पुढची कल्पना करा. तुम्ही अकरा वर्षांचे आहात. सकाळचे सहा वाजलेत. समुद्रकाठी चिटपाखरू नाही. आणि समोर असाच एक खांब उभा आहे, पण घरच्या खांबाच्या दुप्पट मोठा, चकचकीत, आणि कुणाच्याच घरचा नसलेला. तुमचे हात काय करतील? उत्तर मोठ्यानं देऊ नका. मनातच ठेवा, गोष्टीच्या शेवटी ते लागणार आहे.

हा मोठा खांब ऑगस्टमध्ये उभा राहिला. मुख्य रस्ता जिथे संपतो आणि बोटींचा धक्का सुरू होतो, तिथल्या गोल वळणावर. खरं तर ते शिल्प होतं. कौन्सिलनं, म्हणजे गावच्या नगरपालिकेनं, ते ॲडलेड शहरातल्या थेक्ला मार्कू नावाच्या बाईंकडून घडवून घेतलं होतं आणि बाईंनी त्याला नाव दिलं होतं ‘परतणारे’. संध्याकाळी समुद्रावरून परतणारे पक्षी त्यांच्या मनात होते. उंच खांब, त्याला चार लांब हात, दोन वर, दोन खाली, आणि प्रत्येक हाताच्या टोकाला पंखासारखा वळवलेला पत्रा. सकाळी अकराला त्यावरचा पडदा निघाला. दुपारचा चहा व्हायच्या आत गावानं त्याचं बारसं नव्यानं केलं होतं: ‘कौन्सिलची दोरी’.

तिसऱ्या दिवशी त्याच्यावर पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा वाळत घातलेला दिसला. मग उशीचे अभ्रे. मग एक भलीमोठी चोळी, जी पाहून गाव दोन दिवस हसत होतं. कोलिन नावाच्या मासेमारानं आपली छातीपर्यंत येणारी रबरी विजार पाण्यानं भरून टांगली; म्हणजे ती कोलिनचीच होती हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण कुणी बोललं नाही. अकरा वर्षांच्या टॅम्सिन पेंगलीच्या आईनंसुद्धा, एका पहाटे, टॅम्सिनच्या बाबांची भोकं पडलेली लोकरी तुमान नेऊन अडकवली. टॅम्सिन गाडीत बसून पाहत होती. परत येताना दोघी हसून हसून रडल्या.

फोनवर गावाचं एक पान होतं. तिथे तर पूर आला. लिहिणाऱ्यांची नावं म्हणजे ‘धक्क्यावरचा बगळा’, ‘खारट म्हातारा’, असली. ‘भंगारवाल्याकडे यापेक्षा चांगलं मिळतं.’ ‘बाईंना आधी कपडे वाळत घालायला शिकवा.’ ‘असले हात असतील तर कापून टाका.’ कुणाच्या तोंडाला कडी नव्हती, कारण तोंडच दिसत नव्हतं.

शेवटी कौन्सिलनं सभा बोलावली. गावच्या सभागृहाचा एक नियम होता, तिथल्या छपरापेक्षाही जुना: बोलायचं असेल तर उभं राहायचं, आधी आपलं पूर्ण नाव सांगायचं, मग बोलायचं. ग्लेनिस ब्रे, जी दुकान चालवायची आणि सगळ्या समित्यांची चिटणीसही होती, नाव आणि बोलणं वहीत लिहून घ्यायची. साठ माणसं जमली होती. पण फोनवरचे वाघ तिथे शेळ्या होऊन बसले. कुणी छताकडे पाही, कुणी बुटांकडे.

एकच माणूस उठला.

“एर्विन नॉस्के,” तो म्हणाला आणि ग्लेनिसचं लिहून होईपर्यंत थांबला. “मी तीन दिवस सकाळी त्याच्याभोवती फिरून पाहिलं. मला ते आवडलं नाही. पक्षी म्हणतात, पण पक्षी आपलं वजन वाऱ्यावर टाकतो. हे पंख सगळं वजन त्या खांबावर टाकून उभे आहेत. जोडकाम मात्र झकास आहे. इतकं स्वच्छ वेल्डिंग मी जन्मात केलेलं नाही. पण हात फार खाली आलेत, आणि धक्क्याकडचा सगळ्यात लांब आहे. तो शोपर्यंत टिकायचा नाही. एवढं त्या बाईंना कळवा.”

“टिकायचा नाही, की टिकू द्यायचा नाहीस?” मागून कोलिन म्हणाला. सगळे हसले.

“टिकायचा नाही म्हणालो,” नॉस्के म्हणाले आणि खाली बसले.

ग्लेनिसनं ते लिहून घेतलं. पण कुणीही थेक्ला मार्कूंना कळवलं नाही.

शो म्हणजे गावचं ऑक्टोबरमधलं प्रदर्शन. गुरं, गहू, केक, लोणची, कोंबड्या. कोंबड्यांचे परीक्षक एकतीस वर्षं एर्विन नॉस्केच होते. टॅम्सिनला ते मुळीच आवडत नसत. गेल्या वर्षी तिनं आपली मार्मलेड नेली होती, पायांवर पिसं असलेली बुटकी पेकिन कोंबडी. नॉस्केंनी तिला अलगद उचललं, उलटं केलं, पंख पसरला, पिसांत फुंकर घातली आणि सगळ्यांसमोर नाही, पण टॅम्सिनच्या तोंडावर सांगितलं, “हिच्या पंखाखाली उवा आहेत, पोरी. हिला रोज राखेत लोळू दे.” मग कार्डावर लिहिलं: ‘रंग उत्तम. निगा कमी. ए. नॉस्के.’ टॅम्सिन गाडीत बसून रडली होती. घरी जाऊन तिनं पंख उचलून पाहिला. उवा होत्या.

यंदा मार्मलेड काशाच्या भांड्यासारखी लखलखत होती. तिच्या अंड्यांचं कवच टणक व्हावं म्हणून टॅम्सिन दर रविवारी पहाटे समुद्रावर जाऊन शिंपले गोळा करून आणायची.

शोला सहा दिवस होते. त्या रविवारी ती बादली भरून वाळूवरून वर आली. बादली म्हणजे रंगाचा जुना डबा. त्याची तुटलेली कडी नॉस्केंनीच गेल्या उन्हाळ्यात जाड तार पिळून बसवून दिली होती. सूर्य नुकता वर येत होता. शिल्पाच्या धक्क्याकडच्या हातावर कुणाचा तरी भांडी पुसायचा निळा पंचा फडफडत होता.

टॅम्सिननं बादली खाली ठेवली. इकडे तिकडे पाहिलं. उडी मारली.

हात बरोबर तिच्या मुठीत आला. तिनं एक झोका घेतला. दुसऱ्या झोक्याला गुडघे पोटाशी घेतले. घरचा खांब अशा वेळी फिरतो. हा फिरला नाही. करकरला. आणि तो लांब हात तिला घेऊन, सावकाश, कुणी झोपेतून मान खाली टाकावी तसा वाकला. टोकाचा पत्र्याचा पंख जमिनीकडे वळला.

ती पळाली. घरी पोचून कोंबड्यांना दाणे टाकताना तिच्या लक्षात आलं की बादली तिथेच राहिली. सायकल काढून ती परत गेली, तेव्हा पाऊण तास झाला होता.

बादली नव्हती.

त्या दिवसापासून टॅम्सिनला गाव वेगळंच दिसू लागलं. जो भेटेल त्याच्या डोळ्यांकडे आधी पाहायचं: याच्याकडे तर नाही? शेजारच्या आजी ‘आज लवकर उठलीस वाटतं’ म्हणाल्या, तर ती चटकन आत पळाली. शाळेच्या बसचा ड्रायव्हर तिच्याकडे पाहून हसला. का हसला? रोजच हसायचा, पण आजच का?

गंमत अशी की गावही एकमेकांकडे तसंच बघत होतं. सोमवारी शाळा सुटल्यावर ती आईबरोबर ग्लेनिसच्या दुकानात गेली. काउंटरवर मांस-बटाटा भरलेल्या गरम पेस्ट्या होत्या, पण कुणाचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतं.

“मी तर महिनाभरात तिथे काही घातलं नाही,” कोलिन म्हणाला.

“तुला कुणी विचारलं?” ग्लेनिस म्हणाली.

“सांगून ठेवतोय. ती विजार हलकी होती.”

“पाण्यानं भरलेली होती, कोलिन.”

“अर्धीच.” त्यानं टॅम्सिनच्या आईकडे पाहिलं. “आणि लोकरी कपडे भिजले की काय वजन होतं, ते मी सांगायला नको.”

आईचा चेहरा लाल झाला. ती चटकन म्हणाली, “कपड्यांनी कुठे लोखंड वाकतं? हे काम हत्यारानं केलंय. आणि हत्यारं कुणाकडे आहेत, हे काय लपून आहे?”

मग सगळ्यांनी एकदम श्वास सोडल्यासारखं झालं.

“त्यानं तर आधीच सांगितलं होतं,” कोलिन म्हणाला. “मुदतसुद्धा दिली होती.”

“माझ्या वहीत आहे,” ग्लेनिस म्हणाली. “‘शोपर्यंत टिकायचा नाही.’ शब्दाला शब्द.”

“त्याच्याकडे नळ वाकवायचं यंत्र आहे,” आई म्हणाली.

“माणूस तसा वाईट नाही,” कोलिन म्हणाला.

“वाईट कोण म्हणतंय? पण आपलंच खरं करून दाखवायची खोड जुनी आहे. माझ्या काळ्या कोंबड्याला त्यानं तिसरा नंबर दिला होता, आठवतं? मान जरा वाकडी म्हणे,” ग्लेनिस म्हणाली. “गुरुवारी संध्याकाळी समिती बसतेय. असल्या माणसानं शनिवारी परीक्षक म्हणून उभं राहावं का, ते ठरवायला हवं.”

टॅम्सिन आईच्या कोपराशी उभी होती. ‘मी केलं,’ हे दोन शब्द तिच्या जिभेवर आले. पण तेवढ्यात आईनं तिचा खांदा घट्ट धरला. शब्द परत पोटात गेले.

मंगळवारी सकाळी ती खुराड्याचं दार उघडायला गेली, तर दारात बादली.

तिचीच. पिळलेल्या तारेची कडी. आत शिंपले होते, पण तिनं गोळा केले होते तसे नव्हेत. धुतलेले, वाळवलेले आणि हातोडीनं बारीक ठेचलेले, कोंबडीच्या चोचीला बेताचे.

टॅम्सिन तिथेच उकिडवी बसली. कडीवरून बोट फिरवलं. ही कडी बनवणारा ही बादली ओळखणार नाही, असं होईल का? म्हणजे नॉस्केंना माहीत होतं. रविवारपासून माहीत होतं. मग सोमवारी गाव त्यांच्या नावानं बोंब मारत होतं, तेव्हा ते बोलले का नाहीत?

तिला एकच कारण सुचलं. ते शनिवारची वाट पाहत होते. शोमध्ये, सगळ्या गावासमोर, मार्मलेडला उलटं करतील आणि मग सांगतील. गेल्या वर्षी उवा, यंदा हे. चुरा तरी कशाला ठेचून दिला? त्यात काही मिसळलं असेल का? तिनं तो बोटांनी चाळून पाहिला, हुंगून पाहिला. समुद्राचा वास होता. तरी तिनं मार्मलेडला दिला नाही.

बुधवारी थेक्ला मार्कू आल्या. टॅम्सिन बसमधून उतरली तेव्हा गोल वळणाशी वीसएक माणसं होती. बाई उंच होत्या, अंगात मळकट निळा कोट, आणि चेहऱ्यावर झोप न झाल्याचं दिसत होतं. त्या वाकलेल्या हाताला शिवत नव्हत्या. नुसत्या बघत होत्या. कुणीतरी नॉस्केंना बोलावून आणलं होतं, की ते आपणहून आले होते, कळायला मार्ग नव्हता.

“तुम्हीच का ते?” बाई म्हणाल्या. “टिकायचा नाही म्हणालेले?”

“मीच.”

“मी सगळं वाचलंय. तुमच्या गावानं लिहिलेला शब्दन् शब्द. कपड्यांचे फोटोही पाहिले. आधी लोक शब्दांनी मारतात, मग हातांनी. हे मी तिसऱ्या गावात पाहतेय.”

“मी त्या पानावर काही लिहीत नाही,” नॉस्के म्हणाले. “इथे सभेत बोललो. वहीत आहे.”

“काय आहे वहीत?”

ग्लेनिस गर्दीतच होती, पण ती एक पाऊल मागे सरकली. तेव्हा नॉस्केंनीच सांगितलं, तेव्हा म्हणाले होते तेच, न वाढवता, न गाळता. आवडलं नाही, हेही सांगितलं. पक्ष्याच्या वजनाचं सांगितलं. वेल्डिंगचं सांगितलं. हात खाली आलेत, हे सांगितलं.

बाईंनी मान वर करून पाहिलं. मग आपला हात उंच करून त्या वाकलेल्या हाताच्या बुंध्याशी नेला. “हे मला कुणी कळवलं नाही,” त्या हळू म्हणाल्या. “भंगार म्हणालात, ते पोचलं. हे नाही पोचलं.” पण लगेच त्यांचे डोळे बारीक झाले. “तुम्हाला यातलं बरंच कळतं. म्हणजे तो कुठे वाकवायचा, हेही कळत असणार. कशानं वाकवला? वर लांब नळ घालून, तरफेसारखा?”

“नळ घातला तर ओरखडा राहतो. ओरखडा नाहीये.”

“मग कशानं?”

नॉस्केंची नजर वाकलेल्या हातावरून जमिनीवर आली, तिथून कुणाकडेही न वळता समुद्राकडे गेली. “वजनानं,” ते म्हणाले.

“कुणाच्या?”

“मी इथे नव्हतो, बाई.”

“बघा,” मागून कोलिन म्हणाला. “काहीतरी लपवतोय.”

आणि ते खरंच होतं. टॅम्सिनला ते कोलिनपेक्षाही नीट दिसलं. या माणसानं गावातले पन्नास तरी खांब सरळ केले होते. पोरानं लोंबकळून वाकवलेला हात कसा दिसतो, हे त्याच्याहून जास्त कुणाला ठाऊक असणार? त्याला सगळं दिसत होतं, आणि तो बोलत नव्हता. तिला उघडं पाडायचं असतं तर यापेक्षा चांगली वेळ कुठली होती? बाई होत्या, गर्दी होती, स्वतःची मान सोडवायची होती.

त्या रात्री तिनं मार्मलेडला शिंपल्यांचा चुरा घातला.

गुरुवारी शाळेतून आल्यावर तिनं कोंबडी काखेत घेतली आणि नॉस्केंच्या शेडकडे गेली. ते सायकलचं चाक सरळ करत होते. तिला पाहून त्यांनी फक्त भुवया उंचावल्या.

“शनिवारच्या आधी कोंबडी पाहायची नसते मला. नियम आहे.”

“दाखवायला नाही आणली,” टॅम्सिन म्हणाली. “तिला एकटीला सोडवत नव्हतं.”

“बरं.”

चाक फिरत राहिलं. टॅम्सिन म्हणाली, “मिस्टर नॉस्के, तुम्ही सांगितलं का नाही?”

“काय सांगायचं होतं?”

“तुम्हाला माहितीये ते.”

“मला काय माहितीये? रविवारी मासे आणायला गेलो होतो, तिथे एक बादली दिसली. बादली काही झोके घेत नाही.” त्यांनी चाकाची एक तार चिमटीत धरून हलवून पाहिली. “जे डोळ्यांनी पाहिलं नाही, ते मी माझ्या नावानं सांगत नाही. कोंबडीला हात लावल्याशिवाय मी कार्ड लिहितो का कधी?”

“पण पोरानं केलंय, एवढं तरी सांगायचं. मग तुम्हाला कुणी बोललं नसतं.”

“मग संध्याकाळपर्यंत गावात सतरा पोरांची यादी झाली असती. तुला हे गाव ठाऊक नाही का?”

टॅम्सिननं मार्मलेडच्या पिसांत बोटं घातली. “ते तुम्हाला परीक्षक ठेवणार नाहीत. आज ठरणार आहे.”

“ऐकलंय.”

“तुम्हाला वाईट नाही वाटणार?”

चाक थांबलं. नॉस्केंनी तिच्याकडे पाहिलं नाही. “वाटेल की. एकतीस वर्षं म्हणजे थोडी नाहीत. शोच्या आदल्या रात्री मला अजून झोप लागत नाही.” मग म्हणाले, “तुला आवडतं का गं ते?”

“कुठलं?”

“त्या बाईंचं काम.”

टॅम्सिन बोलायला गेली आणि थांबली. ‘कौन्सिलची दोरी’ म्हणून ती शंभर वेळा हसली होती. फोटो पाहिले होते. लोंबकळली होती. “मी पाहिलंच नाही,” ती म्हणाली. “म्हणजे, नीट असं.”

“मग ये पाहून. उजेड आहे अजून.”

बाकी काही ते बोलले नाहीत. ‘खरं सांग’ म्हणाले नाहीत, ‘सांगू नकोस’ असंही नाही. त्यांनी परत चाक फिरवायला घेतलं.

टॅम्सिन गोल वळणावर गेली आणि मार्मलेडला काखेत धरून शिल्पाभोवती फिरली. एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. रस्त्याच्या बाजूनं ते खरंच कपडे वाळवायच्या मोडक्या खांबासारखं दिसत होतं. ते काही बदललं नाही. पण धक्क्याच्या बाजूला उभं राहिलं, आणि उन्हं कलती असली, की वरच्या दोन पत्र्यांवर उजेड असा चढत जायचा की ते आत्ता मिटतील असं वाटायचं. खालचे दोन मात्र नुसतेच पत्रे होते. आणि वाकलेला हात पाहवत नव्हता. त्याच्या बुंध्याशी स्टीलला बारीक सुरकुत्या पडल्या होत्या, कोपराच्या आतल्या बाजूला असतात तशा.

साडेसहाला सभागृह भरलं. शोची समिती पुढच्या टेबलाशी, बाकी गाव खुर्च्यांवर. थेक्ला मार्कू दाराजवळ भिंतीला टेकून उभ्या होत्या. नॉस्के तिसऱ्या रांगेत, टोपी गुडघ्यावर ठेवून. त्यांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. टॅम्सिन आईशेजारी बसली. तिच्या पायांमध्ये बादली होती.

“ही कशाला आणलीस?” आई कुजबुजली.

“असू दे.”

ग्लेनिसनं घसा साफ केला. “विषय सगळ्यांना माहीत आहे. गावात असं बोललं जातंय की...”

“कोण बोलतंय?” नॉस्केंनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

“सगळेच, एर्विन.”

“मग त्यातल्या एकानं उठावं. नाव सांगावं. मी ऐकतो.”

ग्लेनिसनं वही उघडली, पेन घेतलं आणि वर पाहिलं. “कोणाला काही सांगायचंय? आधी नाव.”

कोलिन आपल्या नखांकडे पाहू लागला. कुणीतरी खोकलं. दोन महिने फोनवर गर्जणारं गाव त्या एका कोऱ्या ओळीपुढे मुकं झालं. टॅम्सिननं एकेकाकडे पाहिलं. पायजमा, अभ्रे, विजार, चोळी: सगळे इथेच होते, आणि सगळे दुसऱ्या कुणीतरी उठावं म्हणून थांबले होते. आईसुद्धा.

“कुणी नाही?” ग्लेनिस म्हणाली. “मग हात वर करून मत घेऊ. त्याला नाव लागत नाही.”

खुर्च्या करकरल्या. पहिला हात कोपरापर्यंत उचलला गेला. कुणाचा, ते टॅम्सिननं पाहिलं नाही, कारण ती उठली होती.

आईनं तिची बाही पकडली. टॅम्सिननं ती हळूच सोडवली. मधल्या वाटेनं ती पुढे गेली, बादली दोन्ही हातांनी उचलून ग्लेनिसच्या वहीशेजारी ठेवली. तळाशी उरलेला चुरा खुळखुळला.

“टॅम्सिन रोझ पेंगली,” ती म्हणाली.

आणि नॉस्के थांबत असत तशी, ग्लेनिसचं लिहून होईपर्यंत थांबली.

“मी आज त्याच्याभोवती फिरून पाहिलं,” ती म्हणाली. “वरचे दोन पंख मला आवडले, खालचे नाही आवडले. आणि हात खाली आहेत. किती खाली, ते मला माहितीये.”

मग ती दाराकडे वळली, थेक्ला मार्कूंना नीट दिसेल अशी. टाचा उचलल्या, उडी मारली, आणि नसलेल्या दांडीला धरावं तसे दोन्ही हात डोक्यावर नेऊन मुठी वळल्या.